जुन्या पेंटॅक्स के-१००० वर पहिला रोल काढताना

आत्याच्या पंचाहत्तरीला मी कॅमेरा गळ्यात अडकवून फिरत होतो. औक्षण झालं, केक कापला, नातवंडांची रांग झाली. काउंटर ३६ वर, म्हणजे रोलच्या शेवटच्या फोटोवर, पोचला तरी फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर फिरतच होता आणि मला वाटलं, चला, एखाददोन फोटो फुकटात. घरी येऊन रोल गुंडाळायला घेतला तर हाताला काही ताणच लागेना. मागचं दार उघडलं. रोल दुकानातून आणला तसाच्या तसा बसला होता. फिल्मची जीभ पहिल्याच फेरीत स्पूलमधून, म्हणजे फिल्म गुंडाळून घेणाऱ्या उजवीकडच्या रिळातून, निसटली होती आणि दिवसभर मी रिकाम्या चक्राचे खटके मारत होतो. आत्या अजून विचारते, "फोटो कधी देतोस रे?"

कॅमेऱ्याचा दोष नव्हता. रोल पुढे सरकतोय की नाही हे त्याच्या डाव्या खांद्यावरचा, रोल परत गुंडाळायचा रिवाइंड नॉब दर खटक्याला सांगत होता, मी तिकडे बघतच नव्हतो. या यंत्राला स्क्रीन नाही, बीप नाही. जे सांगायचं ते सुई, नॉब आणि बोटांना लागणारा ताण यांतूनच. म्हणून खाली बराचसा मजकूर 'काय दाबायचं' यापेक्षा 'दाबण्याआधी काय बघायचं' असा आहे.

माझा कॅमेरा पेंटॅक्स के-१०००, मामाने मस्कतहून आणलेला. हे मॉडेल १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होतं, त्यामुळे अजून सापडतं. तुमच्याकडे निकॉन एफएम-२ किंवा यशिका एफएक्स-३ असेल तरी बहुतेक सगळं लागू पडेल. या तिन्हींचं शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, बॅटरीशिवाय चालतं. कॅनन एई-१ किंवा मिनोल्टा एक्स-७०० असेल तर बॅटरी संपली की शटरही बंद, एवढं लक्षात ठेवा.

१. कपाटातला असो की बाजारातला, आधी तपासा

आमचा कॅमेरा चिपळूणच्या घरी कपाटात वीस वर्षं चामड्याच्या कव्हरात होता. कोकणात यापेक्षा वाईट जागा नाही. चामडं ओल धरून ठेवतं आणि भिंगाला बुरशी लागते. विकत घेणार असाल तर मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि फोर्टातला बोरा बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे फिरून बघा. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. खिशात टॉर्च, एक नाणं आणि नवी बॅटरी हवी.

भिंग काढा, ॲपर्चर (भिंगातलं उजेड सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की ती बुरशी. कडेला जरा असेल तर फोटोत फारसं जाणवत नाही, मध्यभागी पसरली असेल तर ते भिंग सोडा. बारीक धूळ सगळ्याच जुन्या भिंगांत असते, तिच्यावरून घासाघीस करा पण घाबरू नका. मग ॲपर्चरची रिंग एफ/१६ वर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून भिंगाच्या मागची छोटी दांडी बोटाने हलवून सोडा. पाती पटकन मिटली पाहिजेत. त्यांच्यावर तेल चमकत असेल किंवा ती आळसावून मिटत असतील तर प्रत्येक फोटोत उजेड जास्त शिरेल.

आता मागचं दार उघडून शटर तपासा. एक सेकंदावर खटका दाबा आणि मनात 'एक हजार एक' म्हणा. पडदा मध्येच अडकला किंवा दोन सेकंद रेंगाळला तर आतलं वंगण सुकलंय. मग १/१००० वर ठेवून उजेडाकडे धरा. क्षणभर सगळी चौकट उजळलेली दिसायला हवी. एक बाजू काळी राहत असेल तर दोन पडद्यांचा वेग जुळत नाही. याला सर्व्हिसिंग लागतं, घरी पेचकस घेऊन बसू नका.

शेवटी दाराच्या खाचांमधला काळा फोम. चाळीस वर्षांत त्याचं डांबर होतं. बोटाला चिकटला तर बदलावाच लागणार, नाहीतर तिथून उजेड शिरून फोटोवर लालसर-केशरी पट्टे येतात. हे काम मात्र घरी होतं. जुना फोम स्पिरिट लावलेल्या कानकोरण्याने खरवडून काढायचा आणि नवी पट्टी चिकटवायची. फक्त खरवडलेला चुरा शटरच्या पडद्यावर पडू देऊ नका. आरशाच्या वरच्या फोमलाही हात लावून बघा, तो चिकट झाला असेल तर आरसा तिथेच अडकून बसतो.

२. जवळ काय काय हवं

- एलआर-४४ किंवा त्याच मापाची एसआर-४४ बॅटरी. कॅमेऱ्याला एक पुरते, दुसरी पिशवीत. एसआर जरा महाग, पण तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतो.
- रंगीत निगेटिव्हचे दोन रोल, २०० किंवा ४०० आयएसओचे (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म कमी उजेडात चालते).
- सरावासाठी एक वाया गेलेला रोल. लॅबवाल्याकडे मागा, बहुतेक वेळा हसून देतात.
- रबरी फुगा आणि भिंग पुसायचं मऊ कापड. शर्टाचं टोक नको.
- छोटी वही आणि पेन.
- सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा. चामड्याचं कव्हर आठवण म्हणून वेगळं ठेवा.

पहिला रोल ब्लॅक-अँड-व्हाइट घ्यावा असं बरेचजण सांगतात. मी नाही सांगणार. रंगीत रोल धुणारे अजून त्यातल्या त्यात जास्त ठिकाणी सापडतात, आणि रंगीत निगेटिव्ह तुमच्या चुका पोटात घालते. जुनाट, तारीख उलटलेला स्वस्त रोलही पहिल्यांदा नको. फोटो बिघडले तर दोष तुमचा, कॅमेऱ्याचा की रोलचा, हे कळणारच नाही.

३. बॅटरी आणि मीटर

कॅमेऱ्याच्या बुडाशी नाण्याने फिरवायचं गोल झाकण आहे. ही बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या सुईसाठी. झाकण उघडल्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती जुन्या बॅटरीची गळती. कानकोरण्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, नीट वाळू द्या.

बॅटरी घातली की डोळा लावून खिडकीकडे धरा आणि ॲपर्चरची रिंग फिरवा. उजवीकडची सुई वरखाली झाली पाहिजे. आता सापळा ऐका. के-१००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही. भिंगावर टोपण नसेल तर मीटर अखंड चालू. टोपण लावलं की आत अंधार, आणि अंधारात बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही. म्हणजे टोपण हेच बटण. माझ्या पहिल्या दोन बॅटऱ्या मी टेबलावर उघडा कॅमेरा ठेवून संपवल्या.

४. रोल भरणे

हे घाईत करू नका. उन्हातही नको, सावलीत किंवा स्वतःच्या पाठीच्या आडोशाला उभे राहा. सरावाच्या रोलवर दहा वेळा केलं की हात बसतो.

आधी रिवाइंड नॉब वर ओढा, दार आपोआप उघडेल. रोलची डबी डावीकडच्या खोबणीत बसवा, तिचं बाहेर आलेलं टोक खाली. नॉब परत खाली दाबा. बसला नाही तर थोडा गोल फिरवा, आतला काटा डबीच्या खाचेत शिरला की खाली जाईल.

फिल्मची जीभ उजवीकडे ओढा आणि स्पूलच्या फटीत चांगली आतवर सरकवा. मी आत्याकडे नेमकं इथेच चुकलो. फटीत टोक जेमतेम टेकलं होतं आणि मला वाटलं झालं. आता दार उघडं ठेवूनच लीव्हर एकदा फिरवा. दातेरी चक्राचे दात फिल्मच्या भोकांत वरून आणि खालून, दोन्हीकडून बसलेले डोळ्यांनी बघा. जीभ सुरुवातीला अर्ध्या रुंदीची असते, तेव्हा वरचे दात रिकामे दिसतात किंवा खालचे. पूर्ण रुंदीची फिल्म चक्रावर येईपर्यंत पुढे न्या. यात फिल्मचा वीतभर भाग वाया जातो. जाऊ द्या, तो त्यासाठीच दिलेला असतो.

दार लावा. आता रिवाइंड नॉबची छोटी दांडी उघडून बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. जरा सैल फिरेल आणि मग अडेल. अडलं की थांबा, आतली ढिलाई गेली. आता लीव्हर फिरवून खटका दाबा, पुन्हा लीव्हर, पुन्हा खटका, काउंटर १ वर येईपर्यंत. आणि लीव्हर फिरवताना डाव्या हाताच्या नॉबकडे बघा. तो उलटा फिरला तरच रोल सरकतोय. नाही फिरला तर दार उघडा आणि पुन्हा भरा. दोन-तीन फ्रेम गेल्या तरी चालतील. मी आजही प्रत्येक खटक्यानंतर नजर टाकतो. लग्नकार्यात लोक विचारतात, तिकडे काय बघतोस सारखा?

लगेच आयएसओही लावा. शटर स्पीडच्या चकतीची बाहेरची कड वर उचलून फिरवली की छोट्या खिडकीतला आकडा बदलतो. हा कॅमेरा डबीवरच्या आयएसओ सांगणाऱ्या चौकटी वाचत नाही. रोल २०० चा आणि खिडकीत मागच्या रोलचे ८०० राहिले, तर सगळा रोल दोन स्टॉपने अंधारा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). रोलच्या खोक्याचा तुकडा फाडून मागच्या दारावर चिकटवा. आत काय आहे हे तीन आठवड्यांनी तुम्हाला आठवत नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

५. सुई मध्ये आणणे, आणि कधी आणायची नाही

पद्धत सोपी आहे. शटर स्पीड ठरवा, मग सुई मधल्या खुणेत येईपर्यंत ॲपर्चर फिरवा. सुई वर गेली तर उजेड जास्त, खाली तर कमी. ५० मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून १/६० च्या खाली जाऊ नका, हात हलतोच.

मीटर बंद पडला तरी अडायचं कारण नाही. स्वच्छ ऊन, पाठीमागून येणारं, आणि ॲपर्चर एफ/१६ असेल तर शटर स्पीड रोलच्या आयएसओइतका. २०० च्या रोलला १/२५०. पातळ ढग आले की एफ/११, भरून आलं की एफ/८, झाडाच्या किंवा घराच्या मोकळ्या सावलीत एफ/५.६. हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. सुईवर शंका आली की याच्याशी ताडून बघतो.

मीटर चांगला असला तरी भोळा असतो. समोरच्या सगळ्या चौकटीची सरासरी काढून ती मध्यम करडी आहे असं तो धरून चालतो. गुहागरच्या किनाऱ्यावर दुपारी मी मामाचा फोटो काढला. पांढरी वाळू, चमकता समुद्र, अर्धी चौकट आकाश. सुई बरोबर मध्ये आणली आणि मामा कोळशासारखा आला. वाळूने मीटरला फसवलं होतं. अशा वेळी कॅमेरा त्याच उन्हातल्या गवताकडे किंवा जुन्या डांबरी रस्त्याकडे वळवा, तिथे सुई मध्ये आणा आणि आकड्यांना हात न लावता परत माणसाकडे वळा. पांढरं धोतर, पांढरी साडी, खिडकीसमोर बसलेली आजी, सगळीकडे हेच. उलटं म्हणजे काळ्या कातळाच्या पार्श्वभूमीवर मीटर गरजेपेक्षा जास्त उजेड मागतो.

गोंधळलात तर एक स्टॉप जास्त द्या. डिजिटलमध्ये जास्त उजेडाने आकाश पांढरं फटक होतं म्हणून आपण घाबरतो. रंगीत निगेटिव्हचं उलट आहे. एकदोन स्टॉप जास्त ती सहज सोसते, पण एक स्टॉप कमी झाला की सावल्या चिखलासारख्या येतात.

दोन बारीक सापळे. भिंगाच्या रिंगवर 'ए' अशी खूण असेल तर ती या कॅमेऱ्यासाठी नाही. रिंग तिथे राहिली तर पाती सगळ्यात लहान छिद्रावर मिटतात. आणि फ्लॅश लावलात तर शटर १/६० किंवा त्याहून मंद ठेवा. १/१२५ ला चौकटीचा एक भाग काळा येतो, कारण फ्लॅश चमकतो तेव्हा पडदा पूर्ण उघडलेला नसतो.

६. फोकस

डोळा लावल्यावर मधोमध एक गोल दिसतो. साध्या के-१००० मध्ये तो फोकस नसताना पाण्यावरच्या उन्हासारखा लुकलुकतो आणि फोकस लागला की शांत होतो. काही कॅमेऱ्यांत गोल दोन अर्ध्या भागांत तुटलेला असतो. तिथे खांबाची किंवा दाराच्या चौकटीची उभी रेघ धरून दोन्ही अर्धे जुळवायचे.

माणसाचा फोटो असेल तर डोळ्यावर फोकस करा. फोकस करून चौकट बसवेपर्यंत माणूस पुढे झुकतो आणि आपणही झुकतो. एफ/२ वर जवळून काढलात तर एवढ्याने नाकाचा शेंडा स्पष्ट आणि डोळे धूसर होतात. पहिल्या रोलला एफ/५.६ किंवा एफ/८ वर राहा. चष्मा असेल तर लावूनच बघा.

धावणाऱ्या पोरांच्या मागे फोकस फिरवत बसू नका. आधीच अंगणातल्या तुळशीवृंदावनावर फोकस करून ठेवा, पोरं तिथे पोचली की खटका.

७. रोल संपल्यावर

लीव्हर मध्येच अडला की संपला. जोर लावू नका. फिल्म डबीच्या आत चिकटपट्टीने चिकटवलेली असते, हिसका बसला की ती सुटते आणि मग अंधाऱ्या खोलीशिवाय बाहेर काढता येत नाही. सुटलीच तर दार न उघडता कॅमेरा तसाच लॅबमध्ये न्या.

बुडाशी छोटं बटण आहे ते दाबा. नॉबची दांडी उघडून बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. ताण लागेल, लागत राहील, मग एक हलका झटका आणि सगळं सैल. तो झटका म्हणजे जीभ स्पूलमधून सुटली. आणखी पाचसात फेऱ्या मारून जीभ पूर्ण आत घ्या. बाहेर ठेवलीत तर हा रोल वापरलेला की नवा, असा प्रश्न पडतो आणि एकाच रोलवर दोन लग्नं निघतात. आता दार उघडा, त्याआधी नाही. चुकून उघडलंच तर लगेच बंद करा, डबीत गुंडाळलेला भाग बहुतेक वाचतो.

काढलेला रोल गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. जास्त दिवस ठेवायचा तर घट्ट डबीत घालून फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर दोनएक तास डबी उघडायची नाही, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरतं. विमानाने जाताना रोल हातातल्या पिशवीत घ्या. सामानात टाकलेल्या बॅगांवर क्ष-किरणांचा मारा जास्त असतो. केबिन बॅगेची नवी सीटी यंत्रंही रोल खराब करतात, म्हणून हाताने तपासा अशी विनंती करा. मानतातच असं नाही.

८. धुवायला टाकताना

लॅबमध्ये आधी विचारा, कुठली प्रक्रिया करता? नेहमीचा रंगीत रोल सी-४१ मध्ये धुतात. एचपी-५ सारखा खरा ब्लॅक-अँड-व्हाइट रोल चुकून सी-४१ मध्ये गेला तर त्यातली चांदीच धुऊन जाते आणि हाती कोरी पट्टी येते. सिनेमाच्या फिल्मचे तुकडे डबीत भरून स्वस्तात विकतात, त्यांच्या पाठीवर काजळीचा थर असू शकतो. न सांगता दिलात तर तुमच्या रोलबरोबर लॅबचं रसायनही नासतं.

निगेटिव्ह परत हव्यात हे चिठ्ठीवर लिहून घ्या. माझा एक रोल स्कॅन होऊन आला, निगेटिव्ह मागायला गेलो तर टाकून दिलेल्या. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून मला एक फोटो चाळीस रुपयांच्या आसपास पडतो, त्यातली जपून ठेवायची वस्तू निगेटिव्ह आहे.

९. रोल आला. आता आधी निगेटिव्ह बघा, मोबाइलवरचे स्कॅन नंतर

स्कॅन करणारा माणूस किंवा यंत्र उजेड आपल्या परीने सावरून घेतं. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की खरं काय झालं ते दिसतं. कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात, ते आधी शोधा.

आकडे आहेत पण चौकटी कोऱ्या, तर धुलाई ठीक झाली, फिल्मवर उजेडच पडला नाही. म्हणजे रोल सरकला नव्हता किंवा शटर उघडत नव्हतं. आकडेही नाहीत आणि पट्टी कोरी, तर गडबड धुण्यात. चौकटी फिकट आणि विरळ, तर उजेड कमी दिलात. पट्टे भोकांच्या रेषेपासून आत येत असतील तर दाराचा फोम. फक्त १/५०० आणि १/१००० च्या फोटोंची एक बाजू अंधारी असेल तर पडदे, सर्व्हिसिंगला द्या.

यासाठीच ती वही. प्रत्येक फोटोचा आकडा, शटर, ॲपर्चर आणि उजेड कसा होता एवढं लिहिलं असेल तर दुसऱ्या रोलला अर्ध्या चुका होत नाहीत. 'फ्रेम १४, १/१२५, एफ/४, ओसरी, दुपार' इतकं पुरे.

मग निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून घ्या, कडेला धरून, बोट मध्ये न लावता. पारदर्शक पाकिटात घाला, पाकिटावर महिना-वर्ष लिहा आणि कॅमेऱ्याच्याच सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. मामाच्या जुन्या निगेटिव्ह आम्हाला मिठाईच्या खोक्यात सापडल्या, एकीला एक चिकटलेल्या. मी उत्साहात दोन ओढून सोडवल्या आणि एकीवरचं चित्र दुसरीच्या पाठीवर निघून आलं. बाकीच्या अजून तशाच आहेत, एका जाणकार माणसाकडे द्यायच्या म्हणून बाजूला काढून ठेवल्यात.